कोलंबियाचा पॅसिफिक किनारा: आफ्रो खाणं, मारिंबा आणि देवमासे, ऑगस्टच्या 9 दिवसांत कसं बसवायचं?

प्रश्न – चिखलवाट

चौघांचा गट आहे. ऑगस्टच्या मध्यावर काली शहरात पोचणार, हातात पूर्ण 9 दिवस. स्थानिक वाटाड्या किंवा छोटी संस्था घेऊनच फिरायचं ठरलंय. तीन गोष्टी हव्यात: आफ्रो-कोलंबियन घरचं जेवण (नुसतं खाणं नव्हे, रांधताना बघणं आणि जमलं तर हात लावणं), मारिंबाचं (काठ्यांनी वाजवायच्या लाकडी पट्ट्यांच्या वाद्याचं) संगीत, आणि जंगल-समुद्र, त्यात देवमासे. एका संस्थेनं दिलेला आराखडा असा: काली 1 रात्र, विमानानं मेदेयिनमार्गे नुकी 5 रात्री ("मारिंबा संध्या"सह), परत काली, मग एका दिवसात सान सिप्रियानो जाऊन-येऊन. हे पटण्यासारखं आहे का? काय विचारून घ्यावं? गटात एक जण शाकाहारी आहे.

उत्तर 1 – खारफुटी

आराखड्यातली "मारिंबा संध्या" आधी खोडा. नुकी चोको प्रांतात आहे, म्हणजे उत्तर पॅसिफिक. तिथलं संगीत चिरिमीयाचं: क्लॅरिनेट, बोंबार्दिनो (फुंकायचं पितळी वाद्य), झांजा, ताशासारखा रेदोब्लांते आणि मोठा ढोल. मारिंबा दक्षिणेची. बुएनाव्हेंतुरापासून खाली ग्वापी, तिंबिकी, तुमाको आणि सीमेपलीकडे इक्वेडोरचा एस्मेराल्दास. युनेस्कोच्या यादीत मारिंबा 2010 साली आली तीही "दक्षिण पॅसिफिक" असं नाव घेऊनच. 2015 मध्ये त्यात एस्मेराल्दास जोडला गेला. नुकीत कोणी तुम्हाला मारिंबा ऐकवलीच तर ती पाहुण्यांसाठी बाहेरून आणलेली असणार. एवढा फरक ज्या संस्थेला कळत नाही, तिच्या बाकीच्या आराखड्याकडेही जरा संशयानं बघा.

दुसरं असं की तुमच्या तारखा बहुधा पेत्रोनियो आल्वारेस महोत्सवाला लागून येतायत. हा पॅसिफिक किनाऱ्याच्या संगीताचा महोत्सव ऑगस्टला कालीत भरतो, प्रवेश फुकट. मारिंबा-चमू, चिरिमीया, काउकाकडचे व्हायोलिनवाले आणि मुक्त गट अशा चार विभागांत स्पर्धा असते. शेजारी किनाऱ्यावरच्या गावोगावच्या बायकांचे खाण्याचे आणि विचेचे (उसाच्या घरगुती दारूचे) ठेले. कालीला 1 रात्र ठेवणं म्हणजे घरासमोरून वरात जात असताना दार लावून झोपणं. त्या वर्षीच्या तारखा बघा आणि खोल्या आधी धरा, त्या आठवड्यात शहर भरलेलं असतं.

मी असं बसवेन:

काली 3 रात्री. मग रस्त्यानं बुएनाव्हेंतुरा, अंतर सव्वाशे किलोमीटरच्या आसपास. पण तो बंदराचा रस्ता आहे, मालट्रकांची रांग लागते. तीन तास धरा, चारची मनाची तयारी ठेवा. तिथल्या पर्यटक धक्क्यावरून लाँचनं तासाभरात हुआनचाको, पुढे लाद्रियेरोस किंवा ला बार्रा, तिथे 3 रात्री. समोर बाईया मालागा: देवमाशांच्या माद्या इथे पिलांना जन्म देतात. 2010 साली उराम्बा बाईया मालागा राष्ट्रीय उद्यान झालं, ते उद्यान-खातं आणि तिथल्या कृष्णवर्णीय गावपरिषदा मिळून सांभाळतात. परतताना सान सिप्रियानोला 1 रात्र, मग काली. उरलेला एक दिवस मोकळा ठेवा, पावसासाठी.

सान सिप्रियानो एका दिवसात उरकू नका. बुएनाव्हेंतुराच्या अलीकडे कोर्दोबा गावाशी उतरायचं आणि रुळांवरून "ब्रुहिता"नं आत जायचं. लाकडी फळीची गाडी, बाजूला मोटरसायकल अडकवलेली, तिचं मागचं चाक रुळावर फिरून गाडी ढकलतं. रूळ एकच. समोरून दुसरी आली की एकीला उचलून बाजूला ठेवतात. उतरायला सांगितलं की मुकाट उतरा. काचेसारखं पाणी सकाळी असतं. दुपारी वर पाऊस झाला की नदी गढूळ होते आणि तासाभरात चढते, ट्यूबवर तरंगायला गेलेले लोक तेव्हाच अडकतात.

उत्तर 2 – सहाआठ

संगीताबद्दल थोडं सविस्तर, कारण "कार्यशाळा" या नावाखाली बरंच काही खपवलं जातं.

पूर्ण चमूत मारिंबा, दोन बोंबो (मोठे ढोल), दोन कुनुनो (हातानं वाजवायचे उभे ढोल) आणि गाणाऱ्या बायकांच्या हातातले ग्वासा असतात. मारिंबाच्या पट्ट्या चोंता ताडाच्या कठीण लाकडाच्या, खाली लोंबणाऱ्या नळ्या ग्वादुआ बांबूच्या, काठ्यांच्या टोकाला कच्चं रबर. एकाच मारिंबावर दोघं वाजवतात: एक खालच्या पट्ट्यांवर बोर्दोन (फिरून फिरून येणारा पाया), दुसरा वरच्या पट्ट्यांवर त्यावर खेळतो. जुन्या कानानं लावलेल्या मारिंबाचे सूर पेटीच्या सुरांशी जुळत नाहीत, सप्तकाचे सात जवळपास सारखे भाग केलेले असतात. ती बेसूर नाही. रंगमंचावर गिटार-सॅक्सोफोनबरोबर वाजणाऱ्या मारिंबा हल्ली पियानोच्या सुरांत लावतात. दोन्ही ऐका आणि वाटाड्याला विचारा की समोरची कुठली. ग्वापीकडचे "ग्वालाहो" (होसे आंतोनियो तोर्रेस, 2018 मध्ये गेले) हे जुन्या लावणीचं मोठं नाव, जाण्याआधी त्यांचं वादन ऐकून ठेवा म्हणजे कान तयार होईल.

कुरुलाओ (मारिंबा-चमूचा मुख्य नाचाचा प्रकार) सहा मात्रांचा. गंमत अशी की त्याच सहा मात्रा एक वाद्य तीन-तीन अशा मोजतं आणि दुसरं दोन-दोन-दोन. पहिल्यांदा ऐकणारा टाळी धरतो आणि चार आवर्तनांत घसरतो. मोठ्या ढोलाला धरून पायानं दोनच ठोके द्या (1 आणि 4 वर), टाळीचा मोह सोडा.

शिकायचा क्रम ग्वासा, मग कुनुनो, मग बोंबो, आणि मारिंबा सगळ्यात शेवटी. जी कार्यशाळा पहिल्या दहा मिनिटांत मारिंबाच्या काठ्या हातात देते ती फोटोची कार्यशाळा आहे. ग्वासा म्हणजे बियांनी भरलेली बांबूची नळी, आत चोंताच्या खिळ्या आडव्या ठोकलेल्या. नवखे ती खुळखुळ्यासारखी हलवतात, मग बिया अधेमधे सांडत राहतात आणि ठेका चिखल होतो. दोन्ही हातांनी आडवी धरून बिया एकत्र, झटक्यानं फेकायच्या. आवाज "छक्" असा तुटक यायला हवा. चौघांसाठी दोन तास पुरतात, त्याहून कमी वेळात कुनुनोपर्यंतही पोचणार नाही.

दमट हवेनं कातडी सैलावते. वाजवायच्या आधी कलाकार ढोल उन्हात किंवा शेकोटीजवळ ठेवतात, कुनुनोच्या पाचरी ठोकतात. अर्धा तास जातो. तो "उशीर" समजून तक्रार करू नका, खरं तर तेवढा वेळ बघण्यासारखा असतो.

एक गोष्ट मात्र कटाक्षानं पाळा. आरुयो संतांसाठी, आलाबाओ मयताच्या जागरणासाठी, चिगुआलो लहान मूल गेल्यावर. ही फर्माईश करायची गाणी नव्हेत. आरुयो सणाला किंवा मंचावर कानी पडेल. बाकी दोन आराखड्यात "कार्यक्रम" म्हणून छापलेली दिसली तर सरळ काढायला सांगा. कुरुलाओ, हुगा, बुंदे एवढं मागा, भरपूर आहे.

चिखलवाट

फारच उपयोगी. म्हणजे नुकी पूर्ण सोडायचं? आणि खाण्याबद्दल कोणी सांगेल का, विशेषतः शाकाहारी मेंबराचं काय?

उत्तर 3 – जाडदूध

खाण्याचं सांगते. या किनाऱ्याच्या स्वयंपाकाचे दोन आधार: नारळ, आणि "आसोतेआ"वरच्या पाल्याभाज्या. आसोतेआ म्हणजे खांबांवर उचललेली वाफ्याची फळी, कधी जुनी होडीच मातीनं भरून उंचावर ठेवलेली. उंच अशासाठी की भरतीचं पाणी, कोंबड्या आणि खेकडे पोचू नयेत. त्यात चियांग्वा (लांब दातेरी पानांची, कोथिंबिरीहून कितीतरी उग्र), पोलेओ, रानओरेगानो, काळी तुळस. वाटाड्याला सांगा की दिवसाची सुरुवात चुलीपासून नको, आसोतेआपासून हवी. ती खुडून आणली की पुढचं सगळं कळतं.

एन्कोकाओ (नारळाच्या दुधातला मासा) चौघांसाठी असा:

दोन नारळ खवायचे. एक वाटी कोमट पाणी घालून पिळायचं, ते जाड दूध बाजूला. त्याच चोथ्यात दोन वाट्या पाणी घालून पुन्हा पिळायचं, ते पातळ दूध. आचिओतेचे (शेंद्रीचे) दाणे चार चमचे तेलात मंद तापवून तेल नारिंगी झालं की दाणे काढायचे. धूर येऊ दिलात तर दाणे कडू होतात आणि ती कडू चव नारळ झाकत नाही. त्या तेलात एक मोठा कांदा, दोन टोमॅटो, चार लसूणपाकळ्या मऊ होईतो परतायच्या. पातळ दूध घालून दहाएक मिनिटं आटवायचं. मग घट्ट मांसाचा मासा (सिएर्रा, पार्गो) 800 ग्रॅम, मोठे तुकडे, मीठ-लिंबू लावलेले, आठ ते दहा मिनिटं. ढवळायचं नाही, भांडंच हलवायचं, नाहीतर माशाचा चुरा. जाड दूध शेवटी घालायचं आणि कडेला बुडबुडे दिसताच आच काढायची. इथेच सगळ्यांचं चुकतं: दूध खळखळ उकळलं की फाटतं, वर तेल आणि खाली चोथा. चियांग्वा चिरून अगदी शेवटी.

पियांग्वा हा खारफुटीतला काळा शिंपला. ओहोटीला बायका चिखलात गुडघाभर उतरून मुळांमध्ये हातानं चाचपून काढतात. डासांसाठी नारळाच्या सोडणाचा धूर, आणि हातमोजे, कारण चिखलात विषारी काट्याचा पेहेसापो मासा दडलेला असतो. 5 सेंटिमीटरहून लहान शिंपला काढायचा नाही असा नियम आहे. ताटात बोटाच्या पेराएवढे शिंपले आले तर तिथे दुसऱ्यांदा जेवू नका. उकडलेलाच खा, कच्चा नको.

तापाओ तर त्याहून सोपा: कच्च्या केळ्यावर मासा आणि पाला ठेवून झाकून शिजवलेला. कालीतल्या पाटीवाल्या बायकांकडचा चोंतादुरो (एका ताडाचं फळ) मीठ-मध लावून खायचा. तो उकडलेलाच असतो, कच्चा घेऊन खोलीवर चावून बघू नका, घसा खवखवेल. बोरोहो या फळाचं सरबत घट्ट आणि आंबट, अर्धा पेला पुरे.

शाकाहारी मंडळींसाठी खरं सांगायचं तर कठीण, पण उपाशी कोणी राहत नाही. "सिन कार्ने" (मांसाशिवाय) एवढंच म्हणू नका, तिथे कार्ने म्हणजे बहुतेकांच्या डोक्यात गाईचं मांस, मग ताटात कोंबडी येते. पूर्ण वाक्य लिहून ठेवा: "नि कार्ने, नि पोयो, नि पेस्कादो, नि मारिस्कोस, नि काल्दो दे पोयो" (मांस नको, कोंबडी नको, मासे नकोत, शिंपले-कोळंबी नको, कोंबडीचं पाणीही नको). शेवटचं महत्त्वाचं, कारण भात आणि डाळही कोंबडीच्या पाण्यात शिजते. मिळणारं: नारळभात, पाताकोन (दोनदा तळलेलं चेपलेलं कच्चं केळं), पापाचिना (आपली अळकुडीच, पूर्ण शिजली नसेल तर तशीच खाजवते), मसूर, अंडी, चीज. वर दिलेला एन्कोकाओ माशाऐवजी पापाचिना आणि कच्च्या केळ्याचा उत्तम होतो: दोन्ही आधी वेगळी उकडून घ्या, पातळ दुधात थेट टाकलीत तर ती शिजेपर्यंत दूध पार आटतं. यजमानीणबाईंना दोन दिवस आधी निरोप हवा. बेटा-खाडीवरच्या गावात आयत्या वेळी भाजी आणायला दुकान नसतं.

उत्तर 4 – उधाणभांग

खारफुटी यांच्या मार्गाशी सहमत, पण नुकीला एवढं उडवून लावू नका. देवमासे आणि जंगल हेच पहिलं असेल तर नुकी सरस: उत्रिया राष्ट्रीय उद्यान, तेर्मालेसचे गरम झरे, कोकीच्या खारफुटीत वल्ह्याच्या होडीतून फेरी, मागे थेट डोंगर-जंगल. संगीत चिरिमीयाचं, आणि ते काही कमी प्रतीचं नाही. (त्याचा मोठा सोहळा मात्र चोकोची राजधानी किब्दो इथे सान पाचो, सप्टेंबरच्या शेवटापासून 4 ऑक्टोबरपर्यंत, म्हणजे तुमच्या तारखांत नाही.) मारिंबा पहिली असेल तर बुएनाव्हेंतुराकडे वळा. दोन्ही 9 दिवसांत कोंबलंत तर दोन दिवस नुसते विमानतळावर जातील.

नुकीला रस्ता नाही. विमान मेदेयिनच्या ओलाया एर्रेरा विमानतळावरून, तो शहरात आहे. बाहेरगावची बरीच विमानं रियोनेग्रोच्या दुसऱ्या विमानतळावर उतरतात आणि दोहोंत घाटरस्ता आहे. या गफलतीत विमान चुकतं. सामान साधारण 10 ते 15 किलो, तिकिटावरचा आकडा वाचा. पावसात उड्डाणं रद्द होतात, त्यामुळे परतीच्या आंतरराष्ट्रीय विमानाआधी एक पूर्ण दिवस रिकामा असलाच पाहिजे. रोख पैसे मेदेयिनमध्येच काढा.

आता वाटाड्या कसा पारखायचा. कागदावर दोन गोष्टी: संस्थेचा राष्ट्रीय पर्यटन नोंदणी क्रमांक (आर.एन.टी.) आणि वाटाड्याचं व्यावसायिक ओळखपत्र. मग एकच प्रश्न टाका: "आमच्या खारफुटीच्या दिवशी ओहोटी किती वाजता?" या किनाऱ्यावर भरती-ओहोटीतला फरक उधाणाला चार मीटरच्या आसपास जातो. स्थानिक लोक उधाणाला पुहा म्हणतात आणि भांगाला (फरक कमी असतो तेव्हा) किएब्रा. शिंपले ओहोटीला, खाडीत होडी भरतीला, ला बार्रा-लाद्रियेरोस किनाऱ्यानं चालणं फक्त ओहोटीला. ज्या आराखड्यात रोज "सकाळी 9: खारफुटी" असं छापलंय तो कालीत खुर्चीवर बसून लिहिलेला आहे. चांगला वाटाड्या वेळ देतच नाही, "पाण्यावर" म्हणतो.

हेही विचारा: गावपरिषदेची परवानगी कोणी घेतली आणि शुल्क कुठे भरलं? 1993 च्या कायदा 70 नुसार या जमिनींची मालकी गावांना सामूहिक मिळाली आहे. तुम्ही कोणाच्या तरी सामायिक अंगणात जाताय. गाणाऱ्या बायका आणि स्वयंपाकीण यांना किती आणि कधी मिळतं ते आधी ठरलेलं असू द्या, आणि त्यांच्याशी घासाघीस नको.

देवमाशांच्या होडीत: बाजूनं, समांतर, 200 मीटर अंतर, इंजिन मंद, पाण्यात उडी नाही. चालक माशाच्या तोंडासमोर होडी घालतो किंवा आई-पिलाच्या मधून नेतो तेव्हा "परत फिरा" म्हणायला कचरू नका, "आणखी जवळ" असं प्रवासीच ओरडतात म्हणून तो ते करतो. बसताना मागच्या बाकावर बसा, पुढचं टोक लाटेवर आपटतं आणि कंबर धरते. उलटीची गोळी होडी सुटायच्या अर्धा-पाऊण तास आधी. मळमळ सुरू झाल्यावर घेतलेली निरुपयोगी.

सामान: गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट (मोठं माप असेल तर स्वतःचे न्या, गावात भाड्यानं मिळतात ते लहान), तोंड गुंडाळून बंद होणारी जलरोधक पिशवी, झटपट वाळणारे कपडे. जीन्स एकदा भिजली की सहल संपेपर्यंत ओलीच. या पट्ट्यात पाऊस हा ऋतू नाही, रोजचा पाहुणा आहे. किब्दोत वर्षाला 7000 मिलिमीटरहून जास्त पडतो.

आरोग्य: पीतज्वराची लस प्रवासाच्या किमान 10 दिवस आधी, प्रमाणपत्र जवळ. भारतात परतताना ते मागतात, नसेल तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरण होऊ शकतं. किनाऱ्यावर हिवताप आहे आणि क्लोरोक्विन तिथे भरवशाचं नाही. कुठली प्रतिबंधक गोळी घ्यायची ते डॉक्टरांना विचारा, पण "कोलंबिया" एवढंच न सांगता "पॅसिफिक किनारा" असं सांगा, कारण बोगोता-कार्ताहेनाला ती लागत नाही.

सुरक्षिततेबद्दल गुळमुळीत बोलण्यात अर्थ नाही. चोको आणि काउकाच्या नद्यांवर सशस्त्र गट आहेत, कधीकधी ते वाहतूकच बंद पाडतात. नेमका कुठला पट्टा मोकळा आहे हे आठवड्यागणिक बदलतं, म्हणून निघायच्या दोन दिवस आधी यजमान गावाकडून (काली-कचेरीकडून नव्हे) कळवून घ्या, रात्री होडी नको, आणि पैसे परत मिळण्याची अट लेखी घ्या. ग्वापी आणि गोर्गोना बेट खुणावेल. बेटावर 1984 पर्यंत तुरुंग होता, आता उद्यान, फक्त तिथेच सापडणारा निळा सरडा, आणि सापांमुळे उंच बूट सक्तीचे. पण ते वेगळ्या सहलीला ठेवा.

चिखलवाट

ठरलं, बुएनाव्हेंतुरा बाजू. शेवटचं एक: महोत्सवात विचे घ्यावी का, की घरगुती दारू म्हणून लांब राहावं? आणि बोलताना लोकांना काय म्हणायचं, "नेग्रो" चालतं का?

उत्तर 5 – जाडदूध

विचे हा कोवळ्या उसाच्या आंबवलेल्या रसाचा अर्क, आणि "विचे" म्हणजे कच्चं, न पिकलेलं. 2021 च्या कायदा 2158 नं ती आणि तिच्यापासून बनणारी पेयं कृष्णवर्णीय समाजांची वारसापेयं म्हणून मान्य केलीत, त्यामुळे चोरून पिण्यातली गोष्ट राहिली नाही. पण तीव्रता बाटलीगणिक बदलते. ठेल्यावर गाव आणि गाळणाऱ्या बाईचं नाव विचारा, ते न सांगता येणाऱ्याकडून घेऊ नका. कुराओ म्हणजे तीच, मुळ्या-पाल्यात मुरवलेली. तोमासेका बाळंतपण आणि पाळीच्या तक्रारींसाठीची, मजा म्हणून मागायची नव्हे. आर्रेचोन दूध-मसाल्याचा गोड, त्यामुळे किती प्यायलो ते कळत नाही आणि दुसऱ्या दिवशी सकाळची होडी मात्र कळते. बोटभर पेला, वर भरपूर पाणी, आणि होडीच्या आदल्या रात्री अजिबात नको.

उत्तर 6 – सहाआठ

तिथले लोक आपसात नेग्रो-नेग्रा सहज म्हणतात, कायद्यातही "कोमुनिदादेस नेग्रास" असाच शब्द आहे. तरी पाहुण्याच्या तोंडी पहिल्या दिवशी "आफ्रो" बरा. त्याहून बरं म्हणजे माणसाला त्याच्या गावावरनं ओळखा: तिंबिकीचा, ग्वापीची. महोत्सवात पांढरा हातरुमाल जवळ असू द्या, सगळे तो हवेत फिरवतात, नसला तर प्रवेशद्वाराबाहेर मिळतो.